एमएसच्या अटॅकमध्ये थकवा असताना व्यायाम कसा करावा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचे आवरण खराब करणारा आजार आहे. त्याचा अटॅक, म्हणजे नवी लक्षणे दिसण्याचा किंवा जुनी वाढण्याचा काळ, आला की व्यायाम करावा की नाही, या प्रश्नावर कोल्हापुरात सहसा दोन टोकाचे सल्ले मिळतात. घरातली वडीलधारी माणसे अंथरुणातून उठूच देत नाहीत, आणि तालमीत वाढलेला एखादा भाऊ किंवा दीर ‘घाम निघाल्याशिवाय अंग मोकळे होणार नाही’ असे बजावतो. दोन्ही सल्ल्यांमागे माया असते, पण या आजाराला दोन्ही लागू पडत नाहीत. अटॅकमध्ये व्यायाम करायचा तो आहे ती हालचाल टिकवण्यासाठी, आणि तो योग्य प्रमाणात झाला की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसे आहे यावरून ठरवायचे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिलेल्या या शहरात कमी व्यायामाचा सल्ला पटवणे अवघड जाते, हे खरे. परंतु दुखापत झालेल्या पैलवानाला वस्तादही आखाड्यात उतरवत नाही, एवढे सांगितले की तालमीतल्या माणसाला मुद्दा चटकन समजतो.

हा खरोखर अटॅक आहे का?

व्यायामाचा विचार करण्याआधी हे ठरवावे लागते. एखादे नवे लक्षण दिसले, किंवा जुने लक्षण वाढले आणि ते सलग २४ तासांहून अधिक काळ टिकले, शिवाय ताप किंवा संसर्ग यांसारखे दुसरे कारण सापडले नाही, तर त्याला अटॅक किंवा रिलॅप्स म्हणतात. लघवीच्या मार्गातला संसर्ग, सर्दी-ताप किंवा कडक ऊन यांमुळेही जुनी लक्षणे उफाळून येतात आणि ती अगदी अटॅकसारखीच दिसतात. म्हणून पायातले बळ अचानक कमी झाले तर आधी ताप पाहावा, लघवीला जळजळ होते का याकडे लक्ष द्यावे आणि न्यूरॉलॉजिस्टना कळवावे. संसर्ग असेल तर त्याच्यावर उपचार हेच पहिले काम असते, आणि ताप असताना कोणताही व्यायाम करू नये.

उष्णतेचा परिणाम स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखा आहे. विल्हेल्म ऊथोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये अशी नोंद केली की, काही रुग्णांची दृष्टी श्रम केल्यावर तात्पुरती मंदावते. पुढे स्पष्ट झाले की, मज्जातंतूवरचे मायलिनचे आवरण खराब झालेल्या जागी संदेश आधीच कसाबसा पुढे जात असतो, आणि शरीराचे आतले तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो तिथे अडू शकतो. शरीर थंड झाले की संदेश पूर्ववत होतो आणि मज्जातंतूचे नवे नुकसान झालेले नसते. व्यायामानंतर दृष्टी धूसर झाली किंवा पाय जड झाले, आणि पंख्याखाली बसून अर्ध्या-एक तासात ते निवळले, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्या अवस्थेत पडण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे तोवर उठून चालू नये.

१९९० च्या दशकापर्यंत एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळण्याचाच सल्ला दिला जात असे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांनी १५ आठवडे नियमित व्यायाम केला आणि त्यांची क्षमता वाढली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून व्यायामाने अटॅक वाढत नाहीत आणि थकवा काही प्रमाणात कमी होतो, असे दिसून आले. मात्र हे बहुतेक अभ्यास आजार स्थिर असलेल्या रुग्णांवर झालेले आहेत. त्यांतले व्यायामाचे प्रमाण ऐन अटॅकमध्ये जसेच्या तसे लागू करणे चूक आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

पहिले काही दिवस

लक्षणे अजून वाढत आहेत तोवर विश्रांतीला प्राधान्य द्यावे. या काळात अनेकांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड सलाईनमधून, साधारणपणे रोज १ ग्रॅम याप्रमाणे ३ ते ५ दिवस दिले जाते. स्टिरॉईडमुळे दोन गोष्टी होतात, ज्या व्यायामाच्या दृष्टीने जाणून घ्यायला हव्यात. एक म्हणजे रात्रीची झोप उडते. दुसरी म्हणजे काही जणांना अंगात एकदम उसना जोम आल्यासारखे वाटते, महिनाभर साचलेली कामे उरकावीशी वाटतात, आणि डोस संपल्यावर तीन-चार दिवसांनी माणूस एकदम गळून जातो. हा जोम मज्जातंतू बरे झाल्याची खूण नाही, म्हणून त्या भरात जिना चढून पाहणे किंवा पलंग हलवणे असे काही करू नये. स्टिरॉईडमुळे रक्तातली साखर वाढू शकते, छातीत धडधडू शकते आणि पित्त होते. मधुमेह असेल तर साखर वरचेवर तपासावी, आणि तांबडा रस्सा त्या आठवड्यापुरता बाजूला ठेवलेला बरा.

विश्रांतीचा अर्थ दिवसभर एकाच कुशीवर पडून राहणे असा मात्र घेऊ नये. सतत पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने बारीक होतात, सांधे आखडतात आणि पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी कूस बदलावी किंवा उठून बसावे. पाठीवर झोपून पावले स्वतःकडे ओढावीत आणि पुन्हा लांब करावीत, असे दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा करावे. एक पाय गुडघ्यात वाकवून टाच गादीवरून सरकवत जवळ आणावी आणि तशीच परत न्यावी. हा पाय स्वतःच्या बळावर हलत नसेल तर घरातल्या माणसाने एक हात टाचेखाली आणि दुसरा गुडघ्याखाली धरून तो सावकाश हलवावा. स्नायू ताठरलेला असेल तर झटका न देता, तो सैल होईपर्यंत तिथेच थांबावे. हाताला सलाईनची सुई लावलेली असेल तर त्या हातावर भार देऊ नये. एवढा व्यायाम या दिवसांना पुरतो.

मान पुढे वाकवताच पाठीच्या कण्यातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटत असेल, तर मान वाकवण्याचे सर्व व्यायाम बंद ठेवावेत. सूर्यनमस्कार हा आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असलेला आणि चांगला व्यायाम आहे. पण त्यात मान वारंवार खाली जाते, अंग लवकर तापते आणि तोल सांभाळावा लागतो, त्यामुळे अटॅक पूर्ण ओसरेपर्यंत तो करू नये. कपालभातीसारख्या जोराच्या श्वसनक्रियांऐवजी पाठ टेकून बसावे आणि नाकाने सावकाश श्वास घेत, त्याहून सावकाश सोडत राहावे.

थकवा कोणत्या प्रकारचा आहे?

लक्षणे वाढायची थांबली आणि दोन-तीन दिवस तशीच राहिली, की व्यायामाचा पुढचा टप्पा सुरू करता येतो. त्यासाठी आधी आपला थकवा ओळखावा, कारण एमएसमधला थकवा एकाच जातीचा नसतो.

काहीही श्रम न करता, रात्री झोप होऊनही, दुपारपर्यंत अंग जड होते, डोळे मिटू लागतात आणि बोलताना शब्द सुचेनासे होतात, हा या आजाराचा खास थकवा. तो सहसा दिवस चढत जातो तसा वाढतो. अशा वेळी व्यायाम सकाळीच, नाश्ता होऊन तासभर झाल्यावर उरकावा, आणि संध्याकाळी ‘राहून गेला’ म्हणून भरून काढू नये.

दुसरा थकवा एखाद्याच स्नायूचा असतो. चालायला सुरुवात केली तेव्हा पाऊल नीट उचलले जात होते, पण सात-आठ मिनिटांनी उजवी चप्पल फरशीला घासू लागली, असा अनुभव येतो. आवाज ऐकू येईल इतके ते स्पष्ट असते आणि घरातल्या माणसाच्या ते रुग्णाआधी लक्षात येते. चप्पल घासू लागली की तिथेच बसावे. मन घट्ट करून आणखी दोन फेऱ्या मारल्याने स्नायू बळकट होत नाही, पाय मात्र अडखळतो. पाच मिनिटे बसल्यावर पाऊल पुन्हा उचलले जाते, आणि मग तेवढेच अंतर पुन्हा चालता येते. एका दमात पंधरा मिनिटे चालण्यापेक्षा पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे आणि मध्ये बसून विश्रांती, ही पद्धत या थकव्याला मानवते.

तिसरा थकवा आजाराच्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे येतो. रात्री लघवीला चार वेळा उठावे लागणे, स्टिरॉईडने उडालेली झोप, रक्तातले कमी हिमोग्लोबिन, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाला आलेली उदासी, तसेच स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्यांची गुंगी, ही त्याची कारणे. व्यायामाने हा थकवा हटत नाही, त्याचे कारण शोधून उपचार करावे लागतात. विशेषतः नैराश्याला आळस समजून रुग्णाला बोल लावणे फार क्लेशकारक असते, आणि ते थांबायला हवे.

घरकाम हाही श्रमच असतो, याचा विसर पडतो. एखाद्या सुनेने सकाळी गॅससमोर अर्धा तास उभे राहून भाकऱ्या थापल्या, तर उभे राहणे आणि आच असा दुहेरी भार तिच्यावर पडलेला असतो. त्यानंतर तिने वेगळा व्यायाम करू नये. किंवा त्याहून चांगले म्हणजे, त्या आठवड्यांत भाकऱ्या घरातल्या दुसऱ्या कोणी कराव्यात आणि तिने ती शक्ती व्यायामासाठी राखावी.

खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम

या टप्प्यावर एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी हाच निवडेन, कारण संडासला जाणे, पलंगावरून उतरणे, रिक्षात चढणे ही सगळी कामे याच हालचालीवर अवलंबून आहेत. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची वापरू नये, ती मागे सरकते. लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि समोर हाताच्या अंतरावर ओटा किंवा जड टेबल असावे. पावलांखाली पायपुसणे किंवा चटई नसावी, आणि पायात मोजे नसावेत.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसावे. पावले खांद्याइतकी दूर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. उठण्याआधी छाती पुढे झुकवावी, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. मग टाचा जमिनीत दाबत उठावे. बळ कमी पडत असेल तर खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवून उठावे, त्यात कमीपणा नाही. उभे राहिल्यावर ओट्याला हात लावून दोन श्वास घ्यावेत. खाली बसताना मात्र घाई करू नये. मनात एक ते चार मोजत बसावे, कारण स्नायूंना खरे काम बसतानाच होते आणि धप्पकन बसले तर ते वाया जाते.

पहिल्या दिवशी हे पाच वेळा करावे, मग भले आठ वेळा जमणार असेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलून पाहावे. एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले तर जोर बरोबर आहे. शून्य ते दहाच्या मापात श्रम तीनच्या आसपास वाटले पाहिजेत. गुडघा थरथरू लागला, दृष्टी धूसर झाली किंवा एका बाजूला झोक जाऊ लागला, तर मोजणी कुठेही असो, थांबावे.

त्यानंतर दोन कसोट्या लावाव्यात. व्यायामामुळे आलेला थकवा दोन तासांत उतरला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना आदल्या सकाळपेक्षा वाईट वाटता कामा नये. दोन्ही कसोट्या सलग तीन-चार दिवस पार पडल्या तर संख्या एक-दोनने वाढवावी. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: आधी वेळ किंवा संख्या, नंतर जोर. सकाळ वाईट गेली तर व्यायाम बंद न करता निम्म्यावर आणावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकोनात संख्या आणि ‘सकाळ बरी’ किंवा ‘सकाळ जड’ एवढे लिहून ठेवले, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

उष्णता, पाणी आणि आंघोळ

कोल्हापूरचा एप्रिल-मे कडक असतो आणि दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसल्या जागीच अंग तापते. व्यायाम सकाळी लवकर, पंख्याखाली, सुती सैल कपड्यांत करावा. सुरू करण्याआधी माठातले किंवा फ्रीजमधले थंड पाणी घोट घोट प्यावे आणि मानेवर ओला पंचा ठेवावा. थंड पाण्यामुळे उष्णता न सोसणाऱ्या एमएसच्या रुग्णांना जास्त वेळ व्यायाम करता येतो, असे अभ्यासात दिसले आहे. वीज गेली तर त्या दिवशीचा व्यायाम पुढे ढकलावा.

लघवी रोखता येत नाही म्हणून अनेक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, पाणीच कमी पितात. त्यातून बद्धकोष्ठता आणि संसर्ग वाढतो आणि थकवा अधिकच बळावतो. व्यायामाच्या आधी लघवीला जाऊन यावे आणि दिवसभर पाणी विभागून प्यावे. संध्याकाळनंतर ते थोडे कमी केले तर चालते.

बंबातल्या कढत पाण्याची आंघोळ अनेक घरांत थंडीभर चालते. एमआरआय येण्यापूर्वीच्या काळात डॉक्टर गरम पाण्याच्या टबात रुग्णाला बसवून लक्षणे उफाळतात का, यावरून एमएसचे निदान करायला मदत घेत असत, इतका त्याचा परिणाम स्पष्ट असतो. कोमट पाण्याने, स्टुलावर बसून आंघोळ करावी, बाथरूमला आतून कडी लावू नये, आणि आंघोळीनंतर लगेच व्यायाम करू नये. पावसाळ्यात दारापाशी आणि जिन्यावर येणारी ओल पुसत राहावी, कारण तोल गेलेल्या माणसाला ओली शहाबादी फरशी धोक्याची असते.

घराबाहेर पडताना

घरात आधाराशिवाय दहा मिनिटे, पाऊल न घासता, चालता येऊ लागले की बाहेर पडावे. अंगठ्याच्या कोल्हापुरी चपलेला मागे पट्टा नसतो. पाऊल लोंबत असेल किंवा तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर ती पायातून निसटते आणि माणूस पडतो. मागे पट्टा असलेली सँडल किंवा हलके बूट घालावेत. तळवे बधिर असतील तर उन्हाळ्यात मंदिराच्या आवारात अनवाणी चालताना भाजल्याचे कळतही नाही, त्यामुळे अंबाबाईच्या दर्शनाला सकाळी फरशी तापण्याआधी जावे आणि सोबत कोणी असावे.

रंकाळ्याकाठी चालायला जागा आहे आणि वाटेत टेकायलाही जागा मिळते, म्हणून सुरुवातीला ते सोयीचे पडते. संध्याकाळच्या गर्दीत धक्के लागतात, तेव्हा सकाळची वेळ धरावी. नियम असा की, जाताना दम संपायची वाट पाहायची नाही, कारण तेवढेच अंतर परत यायचे असते. पाच मिनिटे चालण्याचे ठरवले असेल तर अडीच मिनिटांवर वळावे. काठी लागत असेल तर ती घ्यावी. तिने वाचवलेली शक्ती दोन मिनिटे जास्त चालायला वापरता येते. एका डोळ्याला कमी दिसत असेल किंवा चक्कर येत असेल तर रस्त्यावरचे चालणे बंद ठेवून खुर्चीतलेच व्यायाम चालू ठेवावेत.

अटॅकमधून सावरायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात आणि प्रगती सरळ रेषेत होत नाही. आजार स्थिर झाल्यावर, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा ३० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या बळाचे व्यायाम, इथपर्यंत हळूहळू जावे. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या रुग्णांसाठी कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशी एवढेच प्रमाण सांगतात. एमएसचे रुग्ण पाहिलेला फिजिओथेरपिस्ट शोधायला मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासून काम करणारी संस्था मदत करू शकते. ते शक्य नसेल तर आपल्या न्यूरॉलॉजिस्टकडून लेखी सूचना घेऊन जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवाव्यात.

पुढील गोष्टी घडल्या तर मात्र व्यायाम त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांशी संपर्क साधावा. पायातले किंवा हातातले बळ विश्रांतीनंतरही कमी होत जाणे, दृष्टी आणखी अंधुक होणे, लघवी अडणे, ताप येणे, पडून डोक्याला मार लागणे, यांत उद्याची वाट पाहू नये. एकच पोटरी सुजून दुखू लागली, गिळताना ठसका लागू लागला, छातीत दुखले किंवा श्वास घेणे जड जाऊ लागले, तर फोनवर विचारत न बसता, रात्र असली तरी, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, आणि जाताना स्टिरॉईडची तारीख व डोस लिहिलेला कागद सोबत न्यावा.